चारचौघांत

नोव्हेंबरातला रविवार. पांढुर्ण्याला मामाच्या ओसरीवर आंबिया बहराची संत्री ओतलेली होती आणि आम्ही चौघं भोवती बसलो होतो. मोठं फळ एकीकडे, मधलं दुसरीकडे, डागी फळ तिसऱ्या ढिगात. हात चालू असले की आमच्या घरात तोंडंही चालू असतात. त्या दिवशी माझी भाची मात्र गप्प होती. तिने एक फळ उचललं आणि ते कुठल्या ढिगात टाकायचं हेच तिला ठरवता येईना. अंगठ्याने ती ते चोळत राहिली. सालीचं तेल सुटून वास आला, तरी चोळतच राहिली.

ती चोवीस वर्षांची. सौंसरकडच्या एका कारखान्यात दीड वर्षापासून कामाला आहे. कारखाना कुठला, ते इथे लिहिणार नाही. डबा रोज तसाच परत येतो हे बहिणीच्या लक्षात आलं होतं, पण कारण कळायला दोन महिने गेले. तिचा सुपरवायझर रोज सकाळी, सगळी ओळ उभी असताना, तिचं नाव घेऊन ओरडतो. चूक कुणाचीही असो. वेळेवर आली तरी हजेरी उशिराची लावतो. नेमका जेवणाच्या सुट्टीत काम काढतो. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ‘उद्या पाहतो तुझ्याकडे’ असं पाठवतो. आणि मागच्या महिन्यात त्याने तिच्या अंगाविषयी एक शब्द वापरला. तेव्हा सात-आठ जण उभे होते. दोघं हसले, बाकीच्यांनी खाली पाहिलं.

तो शब्द कोणता, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ‘घाण बोलला’, एवढंच.

मामा चौतीस वर्षं जिनिंग-प्रेसिंगमध्ये मुनीम होते. ताई म्हणजे त्यांची मुलगी, माझी मामेबहीण. नागपूरला महिलांच्या एका संस्थेत काम करते आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या दोन-तीन ठिकाणच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. त्या दुपारी या बापलेकीचं जे बोलणं झालं, ते जमेल तसं उतरवतो आहे. भाची दोघांच्या मध्ये बसली होती, हे वाचताना विसरू नये.

सुरुवात मामांनीच केली. “आयक माये, मी दोन दिवसांत मिटवतो. चार वजनदार माणसं घेतो, त्या मॅनेजरपाशी जातो. पोरगी आमची हाये, नीट वागा म्हणतो. संपलं. कागद कायले पाह्यजे?”

“कागद का नको, बाबा?”

“कागद झाला का तो घरी याच्या आधी गावात पोचते. पांढुर्णं हाये केवढं? सकाळी आवेदन दिलं, दुपारी बसस्टँडवर गोष्ट, अन् संध्याकाळी सोयरे इचारते, पोरीचं काय झालं म्हणे. यंदा तिचं लगन जुळवाचं हाये.”

ही भीती खोटी नाही आणि तिला जुनाट म्हणून झटकून टाकणं मला जमत नाही. मोठ्या शहरात नोकरी सोडली की माणूस दुसऱ्या रस्त्याने जायला लागतो. इथे रस्ता एकच. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याची मावशी आपल्याच गल्लीत दिलेली असते. पोळ्याला, लग्नाला, दवाखान्यात तोच समोर येतो. ताई नागपूरला राहत असली तरी वाढली याच ओसरीवर, त्यामुळे तिनेही ती झटकली नाही.

“तुमची भीती खरी आहे,” ती म्हणाली. “म्हणूनच नोकरीच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात गुप्ततेचं कलम घातलंय. सोळावं. तक्रार करणारीचं नाव, ज्याच्यावर तक्रार त्याचं नाव, साक्षीदारांची नावं, काहीच बाहेर सांगता येत नाही. समितीतल्या कुणी फोडलं तर त्याला पाच हजार दंड.”

“पाच हजारानं गावाचं तोंड बंद होते का?”

“नाही होत. पण तुमची चार माणसं गेली, तर ती चार घरं धरून आधीच वीस जणांना कळतं. त्यांना तर कुठलंच कलम नाही.”

मामा थोडा वेळ फळं निवडत राहिले. मग त्यांनी जिनमधली गोष्ट काढली. ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण अशी कधीच नाही.

कापसाच्या हंगामात जिन रात्रंदिवस चालायचं. रोलरचा आवाज एवढा, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. हवेत रुईची भुकटी, पापण्यांवर पांढरा थर. एकशे सत्तर किलोची गाठ ढकलणाऱ्या हमालांत एक पोरगा होता. मालकाचा भाऊ त्याला जातीवरून हाक मारायचा. आणि जिनमध्ये हळू बोलून भागत नाही, म्हणून ती हाक साऱ्या शेडला ऐकू जायची. पोरगा एक दिवस मामांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. मामा त्याच संध्याकाळी दोन माणसं घेऊन मालकाकडे गेले, समजूत घातली. पोरग्याची नोकरी राहिली.

“पाह्य, कागद नाई, पोलीस नाई,” मामा म्हणाले. “पोरगं हंगामभर कामावर रायलं. त्याच्या घरची चूल पेटत रायली. तुमच्या कायद्यानं तं त्याले दुसऱ्याच दिवशी बाहेर काढलं असतं.”

ताईने जरा थांबून विचारलं, “मग हाक मारणं थांबलं का?”

“माझ्यासमोर थांबलं.”

यावर कुणीच काही बोललं नाही. मामांनी डागी फळाच्या ढिगातून एक संत्रं उचललं, फिरवून पाहिलं आणि परत तिथेच ठेवलं.

मग ताई बोलली ते माझ्या मनात अजून आहे. “बाबा, तुम्ही दोन माणसं घेऊन बंद खोलीत गेलात. पण त्याचा अपमान बंद खोलीत झाला नव्हता, साऱ्या शेडसमोर झाला होता. शेडला काय कळलं? मालकाच्या भावाला कुणी काही बोललं, हे तरी कळलं का? त्यांनी एवढंच पाहिलं की तो ओरडतो आणि काही होत नाही. १९८९चा ॲट्रॉसिटीचा कायदा लोकांदेखत झालेल्या अपमानाला गुन्हा म्हणतो, तो याचसाठी. चारचौघांत झालेलं चारचौघांतच दुरुस्त व्हावं लागतं.”

“अन् पोरग्याची चूल?”

“तिचं उत्तर माझ्याकडे दरवेळी नसतं,” ताई म्हणाली. तिच्या कामातलं हे अवघडलेपण ती लपवत नाही.

एक खुलासा केला पाहिजे, कारण तिथे बसलेल्या माझाही गोंधळ झाला होता. नोकरीच्या जागी होणारा प्रत्येक जाच आपल्याकडच्या कायद्यात बसत नाही. २०१३चा कायदा फक्त महिलांसाठी आणि फक्त लैंगिक छळासाठी. त्याच्या मागे भंवरीदेवी आहेत. राजस्थानातल्या भटेरी गावच्या या साथिनीने, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्तीने, बालविवाह रोखायचं सरकारी काम केलं, आणि त्या कामाचा सूड म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातूनच विशाखा खटला उभा राहिला आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या. पुढे सोळा वर्षांनी त्यांचा कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती पाहिजे. तिची अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यायचा. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

मामांनी नेमकी फट हेरली. आयुष्यभर खातेवह्या तपासलेला माणूस. “म्हंजे त्यानं तो शब्द वापरला नसता, नुसता रोज वरडला असता, हजेरी खाल्ली असती, तं तुह्या समितीपाशी काहीच नाई?”

“त्या शब्दामुळे बाकीचं सगळं त्याला जोडून मांडता येतं. तो नसता तर, नाही,” ताई म्हणाली. “समिती नाही.”

“अन् हिच्या जागी पोरगा असता तं?”

“तर शब्द वापरूनही नाही.”

“मंग?” मामांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. “पोराले रोज ढोरासारखं बोलते, रात्री दोनले फोन करते, त्याचं काय?”

त्याचं फार थोडं आहे, हे मान्य करावंच लागतं. स्वीडनने १९९३ सालीच नोकरीतल्या अशा छळाविरुद्ध नियम केला, फ्रान्सने २००२ मध्ये कायदा केला, जपानने २०१९ मध्ये वरिष्ठांच्या दांडगाईला कायद्यात नाव दिलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने नोकरीतल्या हिंसा आणि छळाविरुद्धचा १९०वा करार मंजूर केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे धमकी असेल, शिवीगाळ असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमं आहेत, पण त्यांची वाट पोलीस ठाण्यातून जाते. रोज थोडं थोडं सोलून काढणाऱ्या माणसाविरुद्ध ठाण्यात काय सांगणार? की त्याने माझ्याकडे बघून फाईल आपटली? ही जागा रिकामी आहे आणि ती भरली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तिथे मामांची चार माणसं आजही कुणाच्या तरी उपयोगी पडत असतील, तर त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

पण मग मामांनी हरिसालचा विषय काढला.

“तू म्हणते तक्रार करा. ते मेळघाटातली आपली पोरगी? तिच्यापाशी वर्दी होती, हुद्दा होता. तिनं तं सांगतलं होतं ना वरती? काय झालं?”

आमच्याकडून वरुडच्या बाजूला मध्य प्रदेशची सीमा ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मेळघाटातलं हरिसाल. तिथल्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आपलं आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी उपवनसंरक्षक असलेल्या वरिष्ठावर आरोप केले होते: लोकांसमोर शिवीगाळ, गरोदरपणात जंगलात पायी फिरवणं, अडवलेला पगार. त्याच्याही वरच्या अधिकाऱ्याला वारंवार सांगून उपयोग झाला नाही, असंही त्यात होतं. त्या उपवनसंरक्षकाला दुसऱ्या दिवशी नागपूर रेल्वे स्थानकावर अटक झाली. ही बातमी आली तेव्हा आमच्या भागातल्या अनेक घरांत नोकरी करणाऱ्या मुलींना फोन गेले होते. माझ्या बहिणीनेही केला होता. भाची तेव्हा कॉलेजात होती.

ताईचा आवाज पहिल्यांदा चढला. “सांगितलं होतं, बाबा. पण कुणाला? ज्याच्याविरुद्ध सांगायचं, त्याच्याच शिडीवरच्या वरच्या पायरीला. त्या शिडीवर सगळे एकमेकांना धरून उभे असतात. समितीत बाहेरचा माणूस लागतो तो यासाठीच. मी जिथे सदस्य आहे तिथला पगार मला मिळत नाही, माझी बदली कुणी करू शकत नाही. आणि तिला लोकांदेखत बोलत होते म्हणता, तर ते लोक कुठे होते? तिने शेवटी सगळं लिहिलं. पानंच्या पानं लिहिली. ती वाचली गेली तेव्हा ती नव्हती. मला हिचं लिहिलेलं, ही समोर बसलेली असताना वाचायचं आहे.”

भाचीने तेव्हा मान वर केली. ताईने तिचा हात धरला आणि अगदी साध्या सुरात विचारलं, “झोप येते का ग? वाईट विचार येतात का?” भाची म्हणाली, झोप येत नाही. ताईने तिच्या मोबाइलवर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून ठेवला, मराठीतही बोलता येतं म्हणाली. आम्ही बाकीचे एवढा वेळ कायद्यावर भांडत होतो आणि हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

मामा आता नरमाईने बोलत होते. “बरं. पण त्या माणसाचंही आयकाव लागन. खोटी तक्रार असते कधी कधी.”

“ऐकावं लागतंच. अर्जाची प्रत कामकाजाच्या सात दिवसांत त्याला द्यायची, त्याला उत्तर द्यायला कामकाजाचे दहा दिवस, दोघांचे साक्षीदार, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण.” मग तिने गोवा विद्यापीठातल्या प्रकरणाचं सांगितलं. तिथल्या समितीने चौकशी इतकी घाईत उरकली, की मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विभागप्रमुखाची बडतर्फी रद्द करून प्रकरण परत पाठवलं. “घाई केली की तक्रार करणारीचंच नुकसान होतं. वर्षं जातात. म्हणून मी सदस्यांना सांगते, त्याला पूर्ण बोलू द्या. आणि पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी, असं हा कायदा म्हणत नाही.”

त्याच प्रकरणात डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने बजावलं, की ३१ जानेवारी २०२५पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती झाली पाहिजे. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघून आमचा वेगळा जिल्हा झाला तो २०२३ साली. नवा जिल्हा म्हणजे नवं कलेक्टर ऑफिस. मंगळवारच्या जनसुनवाईला तिथे गर्दी होते, आणि मामा म्हणालेही, की मंगळवारीच जाऊ. ताई नको म्हणाली. जनसुनवाईत रस्ता, पाणी, पट्टा यांची गाऱ्हाणी लोकांसमोर मांडतात, ते बरोबरच आहे. हे गाऱ्हाणं समितीसमोर, दार लावून, सहा प्रतींत द्यायचं. कारखान्यात समिती आहे का ते आधी लेखी विचारायचं. नसेल तर तोच मालकाचा दोष, पन्नास हजारांपर्यंत दंडाचा.

“समेट तुमच्या कायद्यात बसतच नाई का?” मामांनी विचारलं. माझ्या मते हा त्या दुपारचा त्यांचा सर्वांत चांगला प्रश्न.

“बसतो. चौकशीच्या आधी, आणि तिने स्वतः मागितला तरच. पैशांवर नाही. आणि ठरलं ते लिहून ठेवायचं. तुमच्या समेटात तिला कुणी विचारलं होतं का, बाबा? आज सकाळपासून तुम्ही सगळं ठरवलं. तिला विचारलं?”

मामांनी नातीकडे पाहिलं. “काय कराचं माये तुले?”

“लिहायचं, आबा,” ती म्हणाली. “पण मला येत नाही लिहिता.”

बारावीत हिंदीत पंच्याऐंशी गुण मिळवलेली मुलगी. तिला लिहिता येत नव्हतं ते वेगळ्या कारणाने, आणि ते कारण आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला चटकन कळणार नाही. १९५६ साली राज्यांची नवी रचना झाली, नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात, शेतात, बाजारात मराठी. तहसीलीत, ठाण्यात, कोर्टात हिंदी. आवेदन म्हटलं की पेन आपोआप ‘सविनय निवेदन है कि’ लिहायला लागतं. भाचीने आदल्या रात्री तसा एक मसुदा केला होता. त्यात होतं, ‘उनके द्वारा मेरे साथ अभद्र व्यवहार किया गया।’ मी तो वाचला. व्याकरणात एक चूक नव्हती, आणि त्यातून काहीच कळत नव्हतं. अभद्र व्यवहार म्हणजे रांगेत पुढे घुसणंही होऊ शकतं. ज्या भाषेत तिला मारलं होतं ती भाषाच त्या कागदावर नव्हती.

ताईने तो कागद उलटा केला. “आधी मराठीत लिही. तारीख, वार, वेळ. कुठे उभी होतीस, तो कुठे होता, कोण कोण होतं. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. ‘घाण बोलला’ लिहायचं नाही. जो शब्द म्हणाला तो अवतरणात टाक. पुढे हिंदीत केलंस तरी तो शब्द तसाच, मराठीच राहू दे. भाषांतरात शिवी मवाळ होते, आणि मग समोरचा म्हणतो, एवढंसं तर बोललो. रात्रीचे मेसेज काढून टाकू नकोस. हजेरीच्या वहीचा फोटो मिळतोय का बघ.”

भाचीने मांडीवर वही घेतली. बोटांना संत्र्याचं तेल लागलेलं, कागदावर पिवळट डाग उमटले. अर्धा तास लागला असेल. मधे दोनदा तिने पेन ठेवलं. आम्ही फळं निवडत राहिलो, तिच्याकडे बघायचं नाही असं जणू ठरवून. मग ताई म्हणाली, वाचून दाखव, समितीसमोर विचारतील तेव्हा जीभ अडखळायला नको.

ती वाचू लागली. तारीख. वार, शुक्रवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या मशीनजवळ. सहा जणांची नावं. ‘तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, की’... इथे ती थांबली. ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली. तिने तो शब्द वाचला.

मी तो इथे लिहीत नाही. आमच्या बोलीतलाच शब्द, बैलबाजारात, दारूच्या गुत्त्यावर ऐकलेला. पण ती ओसरी, ती सायंकाळची वेळ, आणि जिला मामांनी खांद्यावर बसवून पोळा दाखवला त्या पोरीच्या तोंडून. मामांच्या हातात मोठ्या ढिगातलं एक फळ होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. बराच वेळ ते अंगणातल्या नळाकडे पाहत होते. सकाळपासून ते ‘बोलला असन काही’ म्हणत आले होते. तो काय बोलला, हे त्यांनी आता ऐकलं होतं.

“ते सहा नावं,” ते शेवटी म्हणाले, “त्यातली तुह्या बाजूच्या मशीनवरची पोरगी कोण?”

भाचीने सांगितलं. लोधीखेड्याकडची. कापूस विकायला तिचे वडील पूर्वी मामांच्या जिनमध्ये यायचे, हे दोन मिनिटांत निघालं.

“ते लिहून देईन का, तिनं आयकलं म्हणून?”

“भिते ती, आबा. तिच्या घरी तिचाच पगार येतो.”

“तं त्या सहाही जणांवर वेळ आली का मी उभा राहीन, असं सांगाव लागन,” मामा म्हणाले. ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली, चपला पायात सरकवल्या. दारात थांबून ताईला म्हणाले, “मी तुहं आयकलं असं समजू नको. चार माणसं मी नेणारच हावो.”

“न्या की. पण मॅनेजरकडे नको.”

“मॅनेजरपाशी कोण जाते आता,” ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

त्या मुलीच्या वडिलांनी त्या रात्री ‘पाहू’ एवढंच सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी मामा परत गेले. भाचीचा अर्ज सोमवारीच सहा प्रतींत पोचला होता, त्यावर पोच घेतली होती. साक्षीदारांच्या रकान्यात सहा नावं होती. सही अजून एकाचीही नव्हती.